रखमाबाई : न्यायालयातून रुग्णालयाकडे

डॉक्टर प्राण वाचवितो म्हणून तो समाजाला हवासा, वकील भांडणांवर जगतो म्हणून तो नकोसा, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. न्यायालयाची पायरी चढू नये, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. डॉ. रखमाबाईंचे चरित्र वाचले म्हणजे मात्र हा हिशेब इतका सरळ नाही, हे ध्यानात येते.

रखमाबाईंचा जन्म १८६४ साली मुंबईत झाला. वडील लवकर वारले. आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. कोवळ्या वयातील संसार मुलीच्या प्रकृतीला घातक ठरतो, हे डॉक्टर असलेले सावत्र वडील जाणून होते. त्या घरी राहूनच त्यांनी विद्याभ्यास केला.

१८८४ साली दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. पत्नीने नांदावयास यावे, एवढीच मागणी. रखमाबाईंच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. प्रश्न बारीक, पण मर्माचा होता. असा दावा लावण्याची तरतूद मूळची इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतली. जिथे सहजीवन सुरूच झाले नाही, तिथे ते पुन्हा प्रस्थापित कसे करावयाचे? न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली दावा फेटाळला. अपिलात मात्र निकाल फिरला आणि प्रकरण पुन्हा सुनावणीस गेले. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, महिनाभरात नांदावयास जावे, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली.

देशभर वादळ उठले. लोकमान्य टिळकांनी धर्म व समाजाच्या स्वायत्ततेच्या भूमिकेतून विरोध केला, तर सुधारकांनी रखमाबाईंची बाजू घेतली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. या खटल्याने पेटलेल्या चर्चेची परिणती १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यात झाली. मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर आले.

मग रखमाबाईंनी दुसरी वाट धरली. कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने त्या लंडनला गेल्या, स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या आणि १८९४ साली डॉक्टर होऊन परतल्या. सुरत व नंतर राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ सेवा केली. पुरुष डॉक्टरसमोर जाण्यापेक्षा मरण बरे, असे मानणाऱ्या बायकांना त्यांचा केवढा आधार वाटला असेल! निवृत्तीनंतर पडदा पद्धतीविरुद्धही त्यांनी लेखणी उचलली.

आता तुलना करावयाचीच, तर ती अशी करावी. डॉ. रखमाबाईंनी एकेका रुग्णाला हात दिला. त्या उपकाराची मोजदाद नाही. मात्र त्यांच्यावर बेतलेले संकट औषधाने टळणारे नव्हते, कारण रोग कायद्यात होता. तेथे युक्तिवाद करणारा वकील हाच वैद्य. आणि तो नेहमी यशस्वी होतोच असे नाही, हेही याच खटल्याने दाखविले. अशा हुकुमासाठी तुरुंगवासाची तरतूद रद्द व्हायला १९२३ साल उजाडावे लागले.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी रखमाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी अमलात आलेल्या हिंदू विवाह कायद्याने हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क दिला. पण ज्या दाव्याने त्यांना तुरुंगाच्या दारापर्यंत नेले, तोही नवव्या कलमात कायम राहिला. डॉक्टरचे काम रुग्ण घरी गेला की संपते. वकिलाचे काम मात्र पिढ्यान्‌पिढ्या उरते.