तिकीट काढून बाईचं गाणं

दिवाळी पहाटेला आमच्या नांदेडच्या बंदाघाटावर गाणं असतं. अंघोळी उरकून, फराळाचे डबे झाकून आम्ही साऱ्याजणी गोदावरीकाठी जाऊन बसतो. गर्दीत बायकाच जास्त, आणि गाणारीही पुष्कळदा बाईच. त्यात आता कुणाला काही वेगळं वाटत नाही. पण माझी लातूरची आजी, जिच्या गळ्यात जात्यावरच्या ओव्या साखरेसारख्या विरघळायच्या, ती ओसरीवर पुरुषमाणूस आलं की गप्प व्हायची. चारचौघांत गाणाऱ्या बाईला घरंदाज म्हणत नव्हते ना!

हे चित्र ज्यांनी पालटलं त्यात हिराबाई बडोदेकरांचं नाव मी आधी घेईन. १९०५ साली मिरजेत जन्म. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई बडोद्याच्या ताराबाई माने. पाच भावंडं. मुलीचं नाव चंपाकली. १९२२ च्या सुमारास आईवडील वेगळे झाले आणि ताराबाईंनी पाचही मुलांची नावं बदलली. चंपाकलीची हिराबाई झाली. शंभर वर्षांपूर्वी एकटीने पाच लेकरं घेऊन निघणं काय असेल, याचा विचार केला तरी पोटात गोळा येतो.

गाणं शिकवलं ते थोरले बंधू सुरेशबाबू माने आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांनी. हिराबाईंचं गाणं लोकांपुढे आलं ते मुंबईत, पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयात. साल १९२१, वय सोळा. पंडितजींची स्वतःची इमारत होती सँडहर्स्ट रोडवर, कर्ज काढून बांधलेली. पुढे त्याच कर्जापायी १९२४ साली तिचा लिलाव झाला. वास्तू गेली बिचारी, पण तिथे गायलेली पोर पुढे कुठल्या कुठे गेली.

तोवर बाईचं गाणं म्हणजे कोठीवर नाहीतर श्रीमंतांच्या दिवाणखान्यात. ऐकणारे सगळे पुरुष, ते सांगतील ते गायचं. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. अशा मैफली करणाऱ्या त्या पहिल्या गायिका मानल्या जातात. वरवर पाहिलं तर तिकीट ही साधी गोष्ट. पण मला वाटतं, खरी चावी तीच होती. तिकीट काढलं की खुर्ची कुणाच्या मेहेरबानीची राहत नाही. मग वकिलीणबाई येऊ शकते, मास्तरीणबाई येऊ शकते. आणि गाणाऱ्या हिराबाई कशा? दोन्ही खांद्यांवरून पदर, हातवारे नाहीत, नखरा नाही. देवघरात बसावं तशा बसून गायच्या. बघणाऱ्या बाईला त्यात आपलीच आई दिसत असेल.

सगळं सुखाचं नव्हतं. भावंडांसह नाटक कंपनी काढली, तिथे स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करत. कौतुक झालं, पण कंपनी कर्जात बुडाली, आणि ते कर्ज हिराबाईंनी गाऊन गाऊन फेडलं. धाकट्या बहिणीला, सरस्वती राणेंना, शेजारी बसवून जुगलबंदी रंगवली, तीही त्या काळी नवीनच. प्रभा अत्रेंसारखी शिष्या घडवली. १९७० साली पद्मभूषण मिळालं, १९८९ च्या नोव्हेंबरात पुण्यात त्या गेल्या.

एक गोष्ट मात्र मला सारखी आठवते. १९४७ साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा वंदे मातरम् गायला हिराबाईंना दिल्लीला बोलावलं होतं. तेव्हा आमचं नांदेड-लातूर निजामाच्याच ताब्यात! आमचं स्वातंत्र्य उजाडायला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत थांबावं लागलं. आजीला ते गाणं तेव्हा कुठून ऐकू येणार? पुढे घरात रेडिओ आला तेव्हा हिराबाईंचं भजन लागलं की ती हातातलं निवडणं बाजूला सारायची. ओसरीवर कोण बसलंय हे बघायचीच नाही. आवाज मोठा करायला लावायची.

येत्या शनिवारी माझ्या भाचीचं गाणं आहे, लातूरला. भाचीने पास देते म्हणून दोनदा फोन केला. मी नको म्हटलं. दोन तिकिटं काढलीत, एक माझं आणि एक सासूबाईंचं. त्या आजवर कधी तिकीट काढून गाण्याला गेलेल्या नाहीत. कालपासून इरकल लुगडं उन्हात घातलंय त्यांनी.