वालचंद हिराचंद आणि विमानाचा कारखाना

कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी मी खडेबाजारातील एका कापड दुकानात हिशेब लिहितो. मालक कानडी, मी मराठी शाळेतला. पण आकडे दोघांचेही एकच. गेल्या पावसाळ्यात माझ्या एका वर्गमित्राच्या थोरल्या भावाला हत्तरगी येथे विमानाचे भाग बनविणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली. पेढे आले आणि पेढ्यांबरोबर वादही आला. बेंगळूरचा विमानाचा कारखाना मुळात कोणाचा? मी अभिमानाने सोलापूरच्या वालचंदांचे नाव घेतले. मालकांनी म्हैसूर सरकारचे घेतले. हरायचे नाही म्हणून मी ग्रंथालयात जाऊन बसलो.

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात, गुजराती बोलणाऱ्या जैन व्यापारी घराण्यात झाला. म्हणजे मराठी आणि कानडी दोन्ही कानांवर पडणाऱ्या गावात वाढलेला हा तिसऱ्याच भाषेचा मुलगा. घरच्या पेढीवर त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील एक माजी कारकून फाटक यांच्याबरोबर भागी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली. 1919 साली ते सिंदिया कंपनीच्या जहाजधंद्यात पडले. त्या वर्षी 5 एप्रिलला ‘लॉयल्टी’ हे त्यांचे जहाज मुंबईहून लंडनला निघाले; तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून त्यांना पुष्कळ छळले, पण ती कथा वेगळी आहे.

1939 साली विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली आणि हिंदुस्थानात विमाने बांधण्याची कल्पना डोक्यात शिरली. इंग्रज सरकारने प्रथम दाद दिली नाही. युद्ध पेटले तेव्हा दार किलकिले झाले. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी बेंगळूरला जागा देऊ केली आणि 23 डिसेंबर 1940 रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. अधिकृत भांडवल 4 कोटी. म्हैसूर संस्थान भागीदार झाले. मार्च 1941 मध्ये हिंदुस्थान सरकारही 25 लाख रुपये घालून तिसरे भागीदार बनले. भागी आणि कंपनी हे धडे आम्ही वर्गात वेगवेगळे शिकतो. येथे एक व्यापारी, एक संस्थान आणि परके सरकार एकाच ताळेबंदात बसले होते.

त्याच वर्षी अमेरिकन बनावटीचे हार्लो विमान जोडून तयार झाले. पण जोडणे वेगळे आणि आखणे वेगळे. आखणी करणारा माणूस आमच्याच भागातला होता, हे मला या वाचनात प्रथमच कळले. गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूचे विष्णु माधव घाटगे. संकेश्वरहून ते गाव फार दूर नाही. जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी 1936 मध्ये डॉक्टरेट मिळविली होती. कारखान्यात येताच त्यांनी एका ग्लायडरचा आराखडा केला.

पुढे जपानी सैन्य ब्रह्मदेशात घुसले. एप्रिल 1942 मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. म्हैसूरचा हिस्सा राहिला, कारभारातील अधिकार मात्र राहिला नाही. लवकरच तेथे अमेरिकन लष्कराची विमाने दुरुस्तीला येऊ लागली. सरकारी पैसा आला तो दुरुस्तीसाठी. आराखड्याचे काम मागे पडले. याचा मला राग येतो. संशोधनाचा खर्च महसुली की भांडवली, यावर आमचे प्राध्यापक तासभर बोलतात. युद्ध चालविणाऱ्याला तो प्रश्न पडत नाही. त्याला उद्या सकाळी उडणारे विमान हवे असते. तेही अगदी खोटे म्हणवत नाही.

डिसेंबर 1942 मध्ये बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी विभाग निघाला. घाटगे तेथे शिकवू लागले. स्वातंत्र्यानंतर ते कारखान्यात परतले आणि या वेळी आखणीसाठीच सरकारी पैसा मिळाला. ऑगस्ट 1951 मध्ये त्यांच्या तुकडीने आखलेले एचटी-2 हे शिकाऊ वैमानिकांचे विमान आकाशात गेले. भारतात आखून बांधलेले ते पहिले विमान. हवाई दलाच्या किती तरी तुकड्या त्यावर शिकल्या.

मालकांना मी हे सारे कानडीत सांगितले. म्हैसूरचे नाव आधी घेतले, म्हणून ते खूष झाले. मग वालचंदांना कारखाना गेल्याचे दुःख झाले असेल काय, असे त्यांनीच विचारले. मला वाटते, झाले असणार. पण हा गृहस्थ बसून राहिला नाही. विशाखापट्टणमला त्यांनी जहाजे बांधण्याचा कारखाना काढला होता. तेथील ‘जलउषा’ 14 मार्च 1948 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. 1944 मध्ये मोटारींसाठी प्रीमियर कंपनीही काढून झाली होती. 1949 साली त्यांना पक्षाघात झाला. एचटी-2 उडाले तेव्हा ते हयात होते, पण सर्व व्यवहारांतून निवृत्त झालेले. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.