घराघरांतील कलेचे संग्राहक : कै. दिनकर गंगाधर केळकर

दिवाळीची साफसफाई निघाली म्हणजे आपल्या भागातील जुन्या घरांच्या माळ्यावरून काय काय खाली येते, हे तुम्ही पाहिलेच असेल. काळवंडलेली समई, झाकण हरवलेला पानाचा डबा, गंज चढलेला अडकित्ता, शेवयांचा जड साचा. बेळगाव असो वा निपाणी, खानापूर असो वा संकेश्वर, या वस्तूंची पुढची वाट बहुधा एकच असते. त्या पोत्यात भरल्या जातात, तराजूवर चढतात आणि पितळेच्या भावाने मोडीत जातात. आमच्याही घरी असा तराजू एकदा लागला होता. त्या वेळी आम्ही विद्यार्थिदशेत होतो आणि वजन बरोबर होते की नाही, एवढेच आम्ही निरखून पाहिले. वस्तूंकडे पाहिलेच नाही. त्या दिवशी घरातून काय काय गेले, याची यादी आज आम्हांस करावयाची म्हटले तरी करता येत नाही.

पुढे कित्येक वर्षांनी पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात आमचे जाणे झाले. तेथे काचेच्या कपाटात तशाच समया, तसेच अडकित्ते आणि शेवयांचे तसेच साचे मांडलेले दिसले. आमच्या घरात ज्यांची किंमत केवळ वजनावर झाली, त्यांच्यासमोर देशोदेशींचे पाहुणे थांबून राहिले होते. वस्तू त्याच, परंतु पाहणाऱ्याची दृष्टी निराळी! ही दृष्टी ज्या एका गृहस्थाने जन्मभर जोपासली, त्याचे चरित्र म्हणूनच आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. पुण्यात त्यांच्या कुटुंबाचा चष्म्यांचा व्यवसाय होता, आणि त्याच व्यवसायावर त्यांचा संसार चालला. लोकांच्या डोळ्यांना स्पष्ट दिसावे म्हणून काचा पुरविणारा हा दुकानदार मनाने मात्र कवी होता. ‘अज्ञातवासी’ या नावाने त्यांनी काव्यरचना केली आणि मराठी वाचकांनी त्यांना प्रथम ओळखले ते याच नावाने. इतिहासाचीही त्यांना ओढ होती. कवीची संवेदना आणि इतिहासाचे वेड एकाच ठिकाणी आले, म्हणजे माणूस जुन्या काळाविषयी केवळ वाचून तृप्त होत नाही. तो काळ हाताने चाचपून पाहावा, असे त्याला वाटू लागते.

ते दिवसही तसेच होते. पेशवाई बुडून शंभर वर्षे लोटली होती. शनिवारवाडा १८२८ सालच्या आगीत जळून गेला होता, आणि सरदार-दरकदारांचे उरलेले वाडे एकेक करून खचत होते. घरोघरी नव्या तऱ्हेची भांडी, नवे दिवे, नवे सामान येत होते. जुने अडगळीत पडत होते किंवा बाजारात निघत होते. जुने कागद वाचविण्याचे कार्य पुण्यात सुरू झाले होते. इतिहासाचार्य राजवाडे आणि त्यांचे सहकारी यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले, ते याच कामासाठी. बखरींना आणि दप्तरांना अशा रीतीने वाली मिळाला. परंतु ज्या दौतीत बुडवून ते कागद लिहिले गेले, त्या दौतीला कोण विचारणार? ज्या दिव्याच्या उजेडात ते वाचले गेले, तो दिवा कोण सांभाळणार? हे काम कोणी नेमून दिलेले नव्हते. केळकरांनी ते आपण होऊन अंगावर घेतले.

सुमारे १९२० साली त्यांच्या संग्रहास आरंभ झाला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कलावस्तूंचा संग्रह हा राजेरजवाड्यांचा व्यवहार, अशी त्या काळी समजूत होती, आणि तिला आधारही होता. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि थोर संग्राहक. राजा रविवर्म्यासारख्या चित्रकारांची चित्रे त्यांनी जमविली आणि १९३८ साली औंधास संग्रहालय उघडले. त्यांची रसिकता वंदनीयच आहे. पण त्यांच्यापाशी संस्थान होते. केळकरांपाशी एक दुकान होते. मोठमोठी तैलचित्रे किंवा रत्नजडित अलंकार विकत घेण्याची स्पर्धा दुकानदाराच्या मिळकतीतून करता येणारी नव्हती. नवशिका संग्राहक बहुधा येथेच अडतो. आपल्यापाशी पैसा नाही, तेव्हा संग्रह हे आपले काम नव्हे, असे म्हणून तो मोकळा होतो. केळकरांनी उलट विचार केला. ज्या वस्तूंकडे श्रीमंतांचे लक्ष नव्हते आणि ज्या घराघरांत निरुपयोगी म्हणून पडून होत्या, त्याच त्यांनी निवडल्या.

ही निवड अडचणीतून झाली, असे कोणी म्हणेल. आम्हांस मात्र तीत मोठी सूक्ष्म दृष्टी दिसते. कला देवळाच्या शिखरावर आणि राजाच्या भिंतीवरच असते, असे नाही. आपल्या लोकांनी ती रोजच्या वापरातल्या वस्तूंत ओतली होती. स्नानाच्या वेळी पाय घासावयाची वज्री ती काय वस्तू! पण तिच्याही मुठीवर कारागिराने मोर बसविला, हत्ती उभा केला. सुपारी कातरण्यास दोन पाती पुरे होती, पण अडकित्त्याला त्याने घोड्याचे किंवा मानवी आकृतीचे रूप दिले. या कारागिरांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. त्यांची वस्तू हीच त्यांची सही. ती वितळली, की ते कारागीर दुसऱ्यांदा मेले म्हणावयाचे.

केळकरांनी मग या एका ध्यासाने जुने बाजार पालथे घातले, वाडे पाहिले, खेडोपाडी हिंडले. महाराष्ट्रापुरतेच न थांबता गुजरात, राजस्थान, दक्षिण भारत असा प्रवास करून त्यांनी वस्तू आणल्या. दिवे, दौती, कुलपे, फण्या, कुंकवाचे करंडे, पानाचे डबे, स्वयंपाकघरातील उपकरणे, वाद्ये, शस्त्रे, खेळणी, कोरीव दरवाजे, काचेवरील चित्रे, चित्रकथींच्या पोथ्यांतील चित्रे असा हा पसारा वाढत गेला. यातील पुष्कळशा वस्तू स्त्रियांच्या नित्य जीवनातील आहेत. ज्या स्त्रियांविषयी बखरकारांनी अक्षर लिहिले नाही, त्यांचा इतिहास या करंड्यांनी आणि साच्यांनी राखला आहे. या साऱ्या उद्योगात पत्नी कमलाबाई यांची त्यांना मनःपूर्वक साथ होती. दुकानाची मिळकत संसाराला लागण्याऐवजी जुन्यापुराण्या वस्तूंवर खर्च होत असता घरच्या गृहिणीने पाठीशी उभे राहणे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

याच प्रवासात त्यांच्यावर दैवाचा कठोर घाव पडला. त्यांचा एकुलता एक पुत्र राजा बालवयातच वारला. ते दुःख शब्दांत सांगण्याचा यत्न आम्ही करीत नाही. एवढेच सांगतो, की त्यांनी संग्रहाचे काम सोडले नाही आणि आपल्या साऱ्या संग्रहाला राजाचेच नाव दिले. नाव पुढे चालावे म्हणून माणसे वंशावर भिस्त ठेवतात. केळकरांनी ती समाजावर ठेवली. जे मूल मोठे झालेच नाही, त्याचे नाव आज हजारो मुलांच्या मुखी आहे.

१९६० च्या सुमारास संग्रहातील वस्तूंची संख्या पंधरा हजारांच्या घरात गेली. गणित मांडून पाहा. चाळीस वर्षांत पंधरा हजार, म्हणजे वर्षाला पावणेचारशे. दर दिवशी एकाहून अधिक वस्तू! एखाद्या दिवसाच्या उत्साहाने हे होत नाही. १९६२ साली राजा केळकर संग्रहालय स्थापन झाले. पहिल्या बाजीरावाने मस्तानीसाठी कोथरूड येथे बांधलेल्या महालाचे अवशेषही केळकरांनी तेथून आणून संग्रहालयात पुन्हा उभे केले. पुढे वस्तूंची संख्या वीस हजारांवर गेली आणि मांडावयास जागा अपुरी पडू लागली. एका वेळी सुमारे अडीच हजार वस्तूच प्रेक्षकांना पाहावयास मिळतील, अशी स्थिती आली.

मात्र त्यांच्या चरित्राचा कळस आम्हांस या आकड्यांत वाटत नाही. तो १९७५ सालच्या एका कृतीत आहे. पंचावन्न वर्षे पै पै वेचून जमविलेला हा संग्रह त्यांनी त्या वर्षी महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केला. तो विकता तर त्यांना अमाप द्रव्य मिळाले असते. संग्राहकाला आपल्या वस्तूंचा लोभ असतोच. लोभावाचून संग्रह होत नाही. परंतु तोच लोभ शेवटी सोडता आला, तर संग्रह सार्वजनिक ठेवा होतो. नाही तर मालकामागून तो वाटला जातो आणि पुन्हा तराजूवर येतो. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी, केळकर निवर्तले. त्यांच्या वस्तू मात्र घरच्यांना वाटून घ्याव्या लागल्या नाहीत; त्या आधीच सर्वांच्या झाल्या होत्या.

या चरित्रापासून आपण सीमाभागातील विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? वीस हजार वस्तू जमवा, असे आम्ही सुचवीत नाही. पण पाच वस्तूंचा संग्रह तुमच्यापैकी प्रत्येकास करता येईल, आणि त्याची सुरुवात बाजारातून नव्हे, घरातून करावी. आजीच्या फडताळातील एखादी डबी, आजोबांची चंची, जुना अडकित्ता मागून घ्यावा. सर्व प्रकारांच्या मागे न धावता आरंभी एकच प्रकार धरावा, म्हणजे डोळा तयार होतो. दहा अडकित्ते पाहिल्यावर अकराव्याचे वेगळेपण आपोआप कळते. पैसे खर्चावयाचे झाले, तर आपल्याच जिल्ह्यातील गोकाकची लाकडी रंगीत खेळणी किंवा घाटापलीकडील सावंतवाडीचे गंजिफा यांपासून आरंभ करावा. तेथे तुमचा रुपया जिवंत कारागिराच्या हाती पडतो.

प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी ठेवावी. वस्तू कोणाची, कोणत्या गावची, कशासाठी वापरीत आणि तिला घरात काय म्हणत, हे तीवर लिहावे. चिठ्ठी नसलेली वस्तू मुकी असते. आपल्या भागात तर या चिठ्ठीला विशेष मोल आहे. कानडीत सुपारीला अडके म्हणतात. आपला अडकित्ता हा शब्द त्या कुळातला आहे. एकाच गल्लीतील दोन घरे एकाच वस्तूला दोन भाषांत हाक मारीत असतील, तर दोन्ही नावे लिहून ठेवावीत. वस्तूला सीमा ठाऊक नसते.

जुने पितळ चिंच लावून खसाखसा घासू नये. मऊ कोरड्या फडक्याने पुसावे. काळाने चढविलेला रंग हाही त्या वस्तूचा इतिहासच होय. आणि एक मर्यादा कधीही ओलांडू नये. शेताच्या बांधावरील वीरगळ, पडक्या देवळातील मूर्ती, शिलालेखाचा तुकडा या वस्तू उचलून घरी आणावयाच्या नसतात. त्या गावाच्या आहेत आणि जागेवरच बोलतात. १९७२ सालच्या कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू पुरावस्तू ठरतात. त्यांतील मूर्ती आणि चित्रे यांसारख्या काही प्रकारांची सरकारात नोंद करावी लागते, आणि खाजगी व्यक्तीस त्या परदेशी धाडता येत नाहीत. अशी वस्तू दिसल्यास शिक्षकांना किंवा पुरातत्त्व खात्याला कळवावे. तीही संग्राहकाचीच सेवा आहे.

यंदाच्या दिवाळीत माळा उघडेल, पोते भरेल आणि तराजू दाराशी येईल, तेव्हा वजनाकडे वडीलधारी मंडळी पाहतीलच. तुम्ही वस्तूंकडे पाहा. त्यांतील एकच उचलून बाजूला ठेवा आणि तिची चिठ्ठी आजीला विचारून त्याच दिवशी लिहा, कारण वस्तू शंभर वर्षे टिकते, सांगणारे माणूस तितके टिकत नाही. आम्ही हे वेळेवर केले नाही. तुम्हांस मात्र अजून वेळ आहे.