विश्लेषण : रोव्हरच्या काठीमागचे २०० वर्षांचे गणित – विल्यम लॅम्बटन कोण होते?

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी असो की राज्यातील कोणतेही गाव, भूकरमापक आता शंकुसाखळीऐवजी रोव्हर घेऊन शेतात येतो. साधारण दोन मीटरची काठी आणि तिच्या टोकावर गोल अँटेना. बांधावर उभा असलेला शेतकरी त्याच वेळी खिशातला फोन काढून जीपीएसचा आकडा पाहतो आणि दोन्ही आकडे जुळत नाहीत. फोन चुकतो कुठे? भारतात अचूक मोजणीचा पाया घालणाऱ्या आणि वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे चिरविश्रांती घेत असलेल्या विल्यम लॅम्बटन यांच्या आयुष्यात याचे उत्तर सापडते.

लॅम्बटन कोण होते?

१७५३च्या सुमारास इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या एका साध्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गणितात गती होती, म्हणून सैन्यात मोजणीची कामे वाट्याला आली. अमेरिकेतील युद्धात ते यॉर्कटाउन येथे कैद झाले. पुढे अनेक वर्षे कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात वसाहतकऱ्यांच्या जमिनी मोजल्या. तिथेच सूर्यग्रहण पाहताना एका डोळ्याला कायमची इजा झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते आपल्या पलटणीसह भारतात आले.

१७९९च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत एका रात्री इंग्रजांची तुकडी वाट चुकून टिपूच्या छावणीकडेच निघाली होती. दिशा उलटी आहे हे लॅम्बटन यांनी ताऱ्यांवरून ओळखले आणि सेनानी बेअर्ड यांना सांगितले. तुकडी वेळीच मागे फिरली.

मोजणी सुरू कशी झाली?

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंट येथे पहिल्या आधाररेषेचे काम सुरू झाले. लांबी सुमारे साडेसात मैल, म्हणजे १२ किलोमीटर. शंभर फुटांची पोलादी साखळी पेट्यांमध्ये सरळ ठेवून, शेजारी तापमापक लावून ही रेषा मोजली गेली. कारण उन्हात पोलाद वाढते आणि साखळी वाढली की हिशेब चुकतो.

एक बाजू अचूक मिळाली की पुढे फक्त कोन मोजायचे. त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने निघतात आणि त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण उभे राहतात. कोन मोजण्याचे यंत्र म्हणजे थिओडोलाइट. लॅम्बटन यांचे यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. ते घेऊन येणारे जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडले. यंत्र मॉरिशसला गेले. पण ते शास्त्राच्या कामाचे आहे हे कळल्यावर फ्रेंचांनीच ते मद्रासला पाठवून दिले.

तंजावरला काय घडले?

कोन मोजायचा तर एका ठिकाणाहून दुसरे दिसले पाहिजे. कावेरीच्या सपाट, ताडामाडांनी भरलेल्या मुलखात डोंगर नाहीत. म्हणून लॅम्बटन यंत्र मंदिरांच्या गोपुरांवर चढवू लागले. १८०८मध्ये, तंजावरच्या गादीवर सरफोजीराजे भोसले असताना, तिथल्या मोठ्या मंदिराच्या शिखरावर पेटी ओढून नेताना दोर तुटला. पेटी दगडी भिंतीवर आदळली आणि यंत्राचे वर्तुळ वाकले.

काम तिथेच संपले असते. बदली यंत्र विलायतेहून यायला फार काळ लागला असता. लॅम्बटन तंबूत बसले आणि कारागिरांच्या मदतीने पाचर, स्क्रू व कप्प्यांच्या आधाराने वाकलेले वर्तुळ सुमारे सहा आठवड्यांत पूर्ववत केले. मग मोजणी उत्तरेकडे सरकत राहिली.

हिंगणघाटशी संबंध काय?

१८१८मध्ये या कामाला भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण हे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट त्यांचे मुख्य सहायक झाले. जगातील सर्वांत उंच शिखराला पुढे याच एव्हरेस्ट यांचे नाव देण्यात आले. लॅम्बटन तोवर थकले होते, पण थांबले नव्हते. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. तोवर सुमारे १,६५,००० चौरस मैल मुलूख त्यांच्या देखरेखीखाली त्रिकोणांच्या जाळ्यात आला होता.

मग फोन का चुकतो?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून येणारा संदेश जमिनीवर अतिशय क्षीण होतो आणि जागा ठरवायला किमान चार उपग्रह लागतात. खिंडीत डोंगर निम्मे आभाळ झाकतो, काजूच्या बागेत ओली पाने संदेश शोषतात, भिंतीवरून उलटलेला संदेश उशिरा पोहोचतो आणि यंत्राला फसवतो. फोन धरणाऱ्याचे शरीरही आडवे येते.

म्हणून बाहेरची अँटेना. गाडीच्या टपावर किंवा काठीच्या टोकावर ठेवलेली अँटेना उपग्रहाच्या जवळ जात नाही, तिला फक्त मोकळे आभाळ मिळते. लॅम्बटन गोपुरावर चढले ते याच कारणाने. तिच्याखालचा धातूचा पत्रा जमिनीवरून उलटून येणारे संदेश अडवतो आणि आतला छोटा वर्धक वायरीतील घट भरून काढतो. बहुतेक स्मार्टफोनना मात्र अशी अँटेना जोडायची सोय नसते. त्यांना ब्लूटूथवर चालणारा वेगळा रिसीव्हर घ्यावा लागतो.

रोव्हर आणखी एक काम करतो. जागा पक्की ठाऊक असलेल्या स्थिर केंद्रांकडून, म्हणजे कॉर्सकडून, तो इंटरनेटवर दुरुस्ती घेतो. जुनी आधाररेषाच जणू नव्या रूपात. त्यामुळे चूक काही सेंटिमीटरवर येते. फोनची चूक मोकळ्या आभाळाखालीही सुमारे पाच मीटर असू शकते.

बांधासाठी याचा अर्थ काय?

शंभर मीटर लांबीच्या बांधावर तीन मीटरची चूक म्हणजे जवळपास तीन गुंठे. भाऊबंदकीतली भांडणे याहून कमी जमिनीवरून कोर्टात जातात. वाट शोधायला, विहिरीची जागा लक्षात ठेवायला फोन पुरेसा आहे. तेव्हाही झाडापासून दूर, मोकळ्यावर उभे राहून दोन-तीन मिनिटे थांबल्यास आकडा बराच सुधारतो. हद्द ठरवायची असेल तर मात्र भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच घ्यावी. आणि भूकरमापक काठी झाडाखाली रोवत असेल, तर मोकळ्या जागेवरून पुन्हा पडताळा घेण्याची विनंती जरूर करावी.