ताराबाई मोडक : अंगणातील आरोग्यशिक्षण

आरोग्य या विषयावर निबंध लिहावयास सांगितला, तर आमच्या शाळेतील बहुतेक विद्यार्थी उत्तम निबंध लिहितात. शुद्ध हवा, स्वच्छ पाणी, सकस आहार, नियमित व्यायाम व पुरेशी झोप ही पंचसूत्री प्रत्येकाच्या वहीत क्रमवार आढळते, व त्याबद्दल आम्ही संतोषाने गुणही देतो. परंतु मधल्या सुट्टीची घंटा झाली, की तेच विद्यार्थी खेळून मळलेल्या हातांनी डबा उघडतात आणि पाण्याचा नळ दहा पावलांवर कोरडा उभा राहतो. हे दृश्य आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत. निबंध आणि नळ यांमध्ये जी दहा पावले आहेत, ती कशी ओलांडावी हा आम्हां शिक्षकांपुढील खरा प्रश्न होय. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात जिने आपले उत्तर आयुष्य वेचले, अशा एका थोर शिक्षिकेचे चरित्र यंदा विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. त्या शिक्षिका म्हणजे कोसबाडच्या कै. ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी झाला. माहेरचे आडनाव केळकर. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते असल्यामुळे, ज्या काळी मुलींस अक्षरओळख करून देणे हेही पुष्कळांस धाडसाचे वाटे, त्या काळी ताराबाईंस उच्च शिक्षणाचा मार्ग मोकळा मिळाला. 1914 साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु हा संसार सुखाचा झाला नाही, आणि 1921 च्या सुमारास पतिपत्नी विभक्त झाली. त्या काळच्या समाजात अशा स्त्रीस किती बोल ऐकावे लागत असतील, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी येणे कठीण आहे. ताराबाई मात्र आपल्या दुःखाचे भांडवल न करता कामास लागल्या. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाची धुरा त्यांनी पत्करली, व तेथूनच त्यांच्या शिक्षणकार्याचा आरंभ झाला.

राजकोटाहून भावनगर दूर नाही. तेथे दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका यांनी 1920 साली बालमंदिर सुरू केले होते. वकिली सोडून लहान मुलांत रमलेल्या या विलक्षण गृहस्थांचे काम पाहून ताराबाई त्यांस जाऊन मिळाल्या. उभयतांच्या पुढाकाराने 1926 साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. या मंडळींनी मारिया माँटेसोरी या इटालियन विदुषीच्या पद्धतीचा स्वीकार केला होता. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, ती ही, की माँटेसोरीबाई प्रथम डॉक्टर होत्या व मागाहून शिक्षिका झाल्या. 1907 साली रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. तेथील मुले हात धुणे, केस विंचरणे, गुंड्या लावणे, केर काढणे हीच कामे धड्यांप्रमाणे शिकत. शरीराची निगा हा शिक्षणाच्या आधीचा किंवा नंतरचा भाग नसून तेच शिक्षण होय, हे तत्त्व त्या पद्धतीच्या मुळाशी आहे. आणि ताराबाईंनी ते पक्के हृदयाशी धरिले.

गुजरातेतून परतल्यावर ताराबाईंनी महाराष्ट्रात या विचाराचा प्रसार आरंभिला. 1933 पासून त्यांनी मराठी शिक्षणपत्रिकेचे संपादन केले, आणि 1936 साली मुंबईत दादर येथे शिशुविहार ही संस्था उभी केली. सुशिक्षित कुटुंबांतील मुले तेथे येत. रंगीत लाकडी साधने, नीटनेटके वर्ग, स्वच्छ पोशाख, सर्व काही होते. कोणीही शिक्षिका येथवर आल्यावर कृतार्थ होऊन विसावली असती. परंतु ताराबाईंस एक शंका बोचू लागली. जी पद्धती रोमच्या गरीब वस्तीत जन्मास आली, ती हिंदुस्थानात येऊन केवळ सुखवस्तूंच्या मुलांपुरतीच राहावी काय? ज्यांच्या घरी साबण, आरसा व फणी आहे त्यांसच स्वच्छतेचे धडे द्यावेत, आणि ज्यांच्या घरी यांपैकी काहीच नाही त्यांस वगळावे, हे कसले शिक्षण? ही शंका त्यांस स्वस्थ बसू देईना. अखेर 1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मुंबईचा स्थिरस्थावर झालेला पसारा मागे ठेवून त्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकास, समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या व तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राची स्थापना केली. त्यांच्या सोबतीस अनुताई वाघ या पस्तीस वर्षांच्या शिक्षिका होत्या. बालपणीच वैधव्य आलेल्या या बाईंनी पुढील सत्तेचाळीस वर्षे या कामास वाहिली.

बोर्डीचा किनारा चिकूच्या वाड्यांनी व माडांनी शोभिवंत दिसतो. परंतु आतल्या बाजूस वारली व इतर आदिवासींचे जे पाडे होते, त्यांची त्या काळची स्थिती शोचनीय होती. जमीनदार व सावकार यांच्या कर्जात पिढ्यान् पिढ्या बांधलेली ही माणसे वेठबिगारीने राबत. त्याच 1945 साली गोदावरीबाई व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला, व ऑक्टोबर महिन्यात तलवाडा येथे त्यांच्यावर गोळीबारही झाला. अशा पेटलेल्या मुलुखात, अंगावर पुरते वस्त्र नसलेल्या, पोट खपाटीला गेलेल्या व खरजेने अंग खाजविणाऱ्या मुलांसाठी ताराबाईंनी बालवाडी उघडली.

आणि पाड्यांवरील मुले आलीच नाहीत! गावातील मुले येत. परंतु जिच्यासाठी हा सारा खटाटोप, ती आदिवासी व हरिजन वस्तीतील मुले फिरकेनात. कोणास गुरे राखावयाची असत, कोणास धाकटे भावंड सांभाळावयाचे असे, कोणास नेसावयास वस्त्र नसे, आणि पुष्कळांस परक्या माणसांची धास्ती वाटे. आमच्यासारख्या सामान्य शिक्षकाने येथे कपाळास हात लावून आईबापांच्या अज्ञानास दोष दिला असता. ताराबाईंनी दोष शाळेच्या जागेस दिला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, असा सरळ निष्कर्ष काढून त्यांनी शिक्षिकांस थेट वस्तीत पाठविले. तेथे कोणा एका झोपडीपुढील अंगण झाडून घ्यावयाचे, मुले गोळा करावयाची, त्यांस आंघोळ घालावयाची, नखे कापावयाची, केस विंचरावयाचे, आणि मग गाणी, गोष्टी व खेळ यांस आरंभ करावयाचा, असा क्रम सुरू झाला. अंगणात भरणारी ही वाडी म्हणून तिचे नाव अंगणवाडी पडले.

या साध्या क्रमात आरोग्यशिक्षणाचे मर्म कसे साठविले आहे, ते विद्यार्थ्यांनी नीट पाहावे. खरजेचेच उदाहरण घ्या. हा रोग डोळ्यांस न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म किड्यामुळे होतो, व तो अंगास अंग लागून पसरतो. एकट्या मुलास शाळेत मलम लावून घरी पाठविले, तर रात्री भावंडांच्या कुशीत निजताच रोग पुन्हा त्यास लागतो. घरातील सर्वांस एकाच वेळी औषध लावावे व अंथरूण-पांघरूण धुवावे, तेव्हाच तो हटतो. जंतांचेही तसेच. मळलेल्या नखांखालून त्यांची अंडी पोटात जातात, आणि मग मुलाने खाल्लेले अन्न त्याच्या अंगी लागत नाही. सारांश, ज्या रोगांचे मूळ घरात व अंगणात आहे, त्यांवरचा उपाय केवळ शाळेच्या भिंतींआड होत नाही. अंगणवाडीत मुलाची नखे कापली जात असता आई दारात उभी राहून पाहत असे, आणि व्याख्यानाने जे साधले नसते ते पाहण्याने साधे.

दुसरे मर्म खर्चाचे. परदेशी धर्तीची शैक्षणिक साधने महाग. ती पाड्यावर कोठून यावीत? ताराबाईंनी व अनुताईंनी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने व काटक्या यांपासून साधने करविली. यात काटकसर होतीच. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की मुलाच्या आईस ती परकी वाटत नसत. जे शिक्षण घरच्या वस्तूंनी होते, ते शिक्षक निघून गेल्यावरही घरात राहते.

1957 साली केंद्राचे काम बोर्डीहून डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर आले. तेथे ताराबाईंनी विकासवाडीची कल्पना प्रत्यक्षात आणिली. थोरली मुलगी शाळेस येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. तेव्हा पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही एकाच आवारात असावीत, म्हणजे तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत व थोरली वर्गात बसेल, अशी ही योजना होती. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शिक्षकांनी कुरणातच शाळा नेली, व तिला कुरणशाळा हे सुरेख नाव मिळाले. प्रत्येक ठिकाणी रीत एकच दिसते: अडचण मुलाची आहे असे न मानता ती शाळेची आहे असे मानावयाचे, आणि शाळा बदलावयाची.

1962 साली भारत सरकारने ताराबाईंस पद्मभूषण ही पदवी देऊन गौरविले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील 33 प्रकल्पांत सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, रुग्णालयाकडे पाठवणी, आहार व आरोग्याचे शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा बालके व माता यांस एकाच ठिकाणी देणाऱ्या केंद्रास नाव मिळाले, तेही अंगणवाडी हेच. आज हा शब्द भारताच्या कानाकोपऱ्यांत बोलला जातो. तो बोलणाऱ्या लक्षावधी मातांस बोर्डीच्या त्या झाडलेल्या अंगणाची वार्ताही नसेल. परंतु शिक्षकाच्या कार्याचे याहून मोठे स्मारक ते कोणते?

तथापि केवळ स्तुती करून थांबणे हे ताराबाईंच्या सत्यनिष्ठेस शोभणारे नाही. अनुताईंनी 27 सप्टेंबर 1992 रोजी देह ठेविला. त्याच वर्षी, कोसबाडपासून फार दूर नसलेल्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात अनेक आदिवासी बालके कुपोषणाने दगावली व साऱ्या महाराष्ट्राची मान खाली गेली. धुतलेल्या हातात घास नसेल, तर हात धुण्याचा धडा अपुरा ठरतो, हे कटु सत्य या घटनेने पुन्हा दाखविले. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन 2014 साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, व डहाणू, तलासरी, जव्हार हे तालुके त्यात आले. नकाशा बदलला, पण अंगणातील काम संपलेले नाही. आरोग्याचे शिक्षण हे अन्न, मजुरी व न्याय यांपासून तोडून देता येत नाही, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

आता दोन शब्द, यंदा आमची शाळा सोडून महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. तेथे तुम्हांस आरोग्यावर पुष्कळ व्याख्याने ऐकावी लागतील, व 1969 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून खेड्यांत जाऊन तुम्हीही ती द्याल. तुमच्या हाती फलक असतील, घोषणा असतील. परंतु फलक भिंतीस टेकवून आधी एखादे अंगण झाडावे. कोणाच्या घरी पाणी कोठून येते, चूल केव्हा पेटते, घरातील थोरली मुलगी शाळेत का नाही, हे आधी विचारावे व मग बोलावे. आणि परगावी वसतिगृहात राहाल, तेव्हा रात्रीची जाग्रणे, वेळीअवेळी खाणे व मनातील चिंता मनातच कोंडून ठेवणे यांनी तुमचेच आरोग्य ढासळू लागले, तर त्यावर उत्तम निबंध लिहिता येतो एवढ्यावर समाधान मानू नये. आपल्या खोलीचा उंबरठा हेही एक अंगणच आहे. शेजारच्या खोलीतील मित्र दोन दिवस जेवावयास आला नाही, तर त्याचे दार ठोठवावे. आरोग्यशिक्षणाचा तो पहिला पाठ समजावा.

हा लेख लिहून होताच आम्ही एक काम केले. उद्यापासून मधल्या सुट्टीत वर्गशिक्षकांनी विद्यार्थ्यांसमवेत नळावर जावे, व प्रथम आपले हात धुवावेत, असे आम्ही आपसांत ठरविले. दहाच पावलांचे अंतर आहे. परंतु ते आम्हीच आधी चालावयास हवे होते.