मीरा मोटारीचे शंकरराव

तान्ह्या पोळ्याला आपली मुले चाकांचे लाकडी बैल ओढत दारोदार फिरली आणि पाठोपाठ बाप्पा आले. त्या चाकांची खडखड कानांत असताना आम्हांला इचलकरंजीच्या कै. शंकरराव कुलकर्णी यांची आठवण होते. त्यांनी रस्त्यावर धावणारी मोटार स्वतः घडवली.

शंकररावांचे शिक्षण जेमतेम सातवीपर्यंत. पदवी नव्हती, पण गाव यंत्रांचे होते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे घरोघरी मागांचा खडखडाट सुरू झाला. अशा गावात शंकररावांनी १९४९ साली दोन आसनांची छोटी मोटार उभी केली. तिचे नाव ‘मीरा’.

एक गाडी करून ते थांबले नाहीत. पुढची पंचवीसेक वर्षे ते तिच्यात सुधारणा करीत राहिले. दोघांच्या जागी चौघांची सोय झाली, इंजिन मागच्या बाजूला, ताकद सुमारे १४ अश्वशक्ती. लिटरला वीसेक किलोमीटर धावणारी ही गाडी बारा हजारांच्या आसपास मध्यमवर्गीयाच्या दारात उभी राहावी, हा त्यांचा ध्यास. त्या काळी अँबेसिडर किंवा फियाटसाठी नंबर लावून किती वर्षे थांबावे लागे, हे आपल्यातील ज्येष्ठांना सांगायला नको.

कारखाना काढायला जयसिंगपूर नगरपालिकेने त्यांना बोलावले. पण मोटारी बनवायला सरकारी परवाना लागे, तो काही मिळाला नाही. पदरचा पैसा खर्ची पडला आणि मीरा बाजारात आलीच नाही. १९८३ च्या डिसेंबरात जपानी तंत्राची मारुती ८०० आली आणि छोट्या गाडीची गरज साऱ्या देशाला पटली. शंकररावांनी ती तीसहून अधिक वर्षे आधी ओळखली होती.

सौंसर-पांढुर्ण्याच्या रस्त्यांवर संत्र्यांचे ट्रक दुरुस्त करणारे मिस्त्री आपण नेहमी पाहतो. पुष्कळांची शाळा लवकर सुटलेली, पण नुसत्या आवाजावरून ते इंजिनाचे दुखणे सांगतात. गणेशोत्सवात आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. त्याच मंचावर एखाद्या मिस्त्रीलाही शाल-श्रीफळ द्यावे, असे आम्हांला वाटते. शंकररावांना परवाना मिळाला नाही. आपल्या माणसाला निदान आपली शाबासकी तरी मिळावी.