वसईचा गोन्सालो गार्सिया

मनुष्य दहा-बारा वर्षें एका कामांत घालवितो, त्याचा हात त्या कामावर बसतो, लोक त्यास त्याच नांवानें ओळखूं लागतात. आणि मग कांहीं कारणानें तें काम सोडून दुसरें धरण्याची वेळ येते. अशा वेळीं मन फार कष्टी होतें. गेलेलीं वर्षें फुकट गेलीं असें वाटतें, आणि शेजारीपाजारीही तसेंच बोलतात. आपल्या खेडेगांवच्या मंडळ्यांत असे बंधु थोडे नाहींत. कोणी उपदेशक होता तो दुकानांत बसला. कोणी दुकान सोडून सेवेंत आला. त्यांनीं, आणि त्यांच्याविषयीं बोलणाऱ्यांनींही, वसईच्या गोन्सालो गार्सियाचें चरित्र ध्यानांत घ्यावें.

वसई प्रांत इ. स. १५३४ मध्यें गुजराथचा सुलतान बहादूरशहा ह्याजकडून पोर्तुगीजांच्या हातीं आला. त्यानंतर सुमारें २२ वर्षांनीं, म्हणजे १५५६ किंवा १५५७ सालीं, गोन्सालोचा तेथें जन्म झाला. त्याचा बाप पोर्तुगीज होता व आई ह्याच देशची होती. वसईच्या किल्ल्यांत येशूसंघाचे, म्हणजे जेज्वीट, पाद्री मुलांस शिकवीत असत. त्यांच्याच हाताखालीं तो वाढला. इ. स. १५७२ मध्यें ह्या संघाचे कांहीं पाद्री जपानास निघाले, तेव्हां पंधरा-सोळा वर्षांचा गोन्सालो त्यांच्याबरोबर गेला. त्या काळीं जपानास जाणें म्हणजे महिनेच्या महिने समुद्रावर काढणें; गेलेला मुलगा पुन्हां दृष्टीस पडेलच असा भरंवसा नसे.

जपानी भाषा परक्यास फार कठीण. हा तरुण मात्र ती लवकर शिकला आणि तेथील लोकांस धर्माचें शिक्षण देऊं लागला. आपल्याकडील उपदेशक जें काम करितात तेंच त्याचें काम होतें. ह्यांत त्याचीं आठ-दहा वर्षें गेलीं. येशूसंघांत आपणांस घ्यावें अशी त्याची मोठी इच्छा होती. परंतु संघानें त्यास घेतलें नाहीं. ज्या कामासाठीं त्यानें घर, गांव व तारुण्य दिलें, त्यांतच त्यास जागा मिळाली नाहीं. ज्या उपदेशकाचें नांव पाळकपणाच्या यादींतून वगळलें गेलें आहे, त्यास हें दुःख समजावून सांगावें लागणार नाहीं.

गोन्सालो तेथून निघाला व व्यापारांत शिरला. पूर्वेकडील लोकांची भाषा व चालीरीति त्यास ठाऊक होत्या, त्यामुळें त्याचा जम लवकर बसला. थोड्याच वर्षांत धंदा भरभराटीस आला व ठिकठिकाणीं वखारी झाल्या. हें त्याचें पतन झालें असें कोणी म्हणूं नये. प्रेषित पौलानें तंबू करून पोट भरलें. व्यापाऱ्यास अनेक देशांच्या लोकांशीं सरळपणानें बोलावें लागतें, अधिकाऱ्यांची मर्जी ओळखावी लागते, दिलेला शब्द पाळावा लागतो. तें शिक्षण गोन्सालोस ह्या वर्षांत मिळालें.

व्यापाराच्या निमित्तानें त्याचें फिलिपाइन बेटांतील मनिला शहरीं जाणेंयेणें झालें. तेथें फ्रान्सिस्कन पंथाचे साधु गोरगरिबांत काम करीत होते. त्यांची राहणी पाहून त्याचें मन पूर्वीच्या सेवेकडे पुन्हां ओढलें. इ. स. १५८७ च्या सुमारास, तिशीच्या उंबरठ्यावर असतां, चालता धंदा सोडून तो त्या पंथांत गेला. आणि तोही पाद्री म्हणून नव्हे, तर साधा बंधु म्हणून. पूर्वीं मागितलेला मान येथेंही त्यानें धरून ठेविला नाहीं. सेवा मिळाली एवढें त्यास पुरे झालें.

पुढें जपानचा सत्ताधीश हिदेयोशी ह्यानें, मनिलाच्या स्पॅनिश सरकारानें आपलें स्वामित्व मानावें अशी मागणी केली. तेव्हां इ. स. १५९३ मध्यें तेथील गव्हर्नरानें पेद्रो बाप्तिस्ता ह्या फ्रान्सिस्कन पाद्र्यास वकील म्हणून पाठविलें, आणि दुभाषी म्हणून गोन्सालोस त्याच्याबरोबर दिलें. अशा दरबारांत शब्द इकडचा तिकडे झाला तर लढाई पेटावयाची. उपदेशक असतां शिकलेली भाषा आणि व्यापारी असतां शिकलेला व्यवहार, हीं दोन्हीं ह्या वेळीं कामास आलीं. साधूंस क्योतो शहरीं राहण्याची परवानगी मिळाली. तेथें त्यांनीं चर्च बांधलें व कुष्ठरोग्यांसाठीं दवाखाना चालविला.

इ. स. १५९६ च्या आक्टोबरांत सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज वादळांत सांपडून जपानच्या किनाऱ्यास लागलें. त्यावरील माल सरकारजमा झाला, आणि स्पेनचा राजा आधीं पाद्री पाठवितो व मागून फौज पाठवितो असा संशय हिदेयोशीच्या मनांत भरला. डिसेंबरांत धरपकड झाली. कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यांत आली, आणि ऐन हिवाळ्यांत सुमारें महिनाभर प्रवास करवून त्यांस नागासाकीस नेलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं तेथील टेकडीवर २६ जणांस क्रुसांवर बांधून भाल्यांनीं ठार मारिलें. त्यांत ६ फ्रान्सिस्कन, ३ जपानी येशूसंघीय व १७ साधारण जपानी ख्रिस्ती होते; एक मुलगा तर अवघा १२ वर्षांचा होता. गोन्सालोचें वय सुमारें ४० वर्षांचें होतें. ज्या संघानें त्यास घेतलें नव्हतें, त्याच संघाचे तिघे त्याच्याबरोबर त्या टेकडीवर मेले. तेथें कोण आंत व कोण बाहेर हा प्रश्न उरला नाहीं.

रोमन मंडळीनें त्यास १८६२ सालीं संत म्हणून जाहीर केलें. वसईजवळ गास येथें त्याच्या नांवाचें चर्च आहे व वसईंत त्याच्या नांवाचें कॉलेज आहे. आपण प्रॉटेस्टंट लोक संतांची प्रार्थना करीत नाहीं; परंतु चांगल्या चरित्रापासून धडा घेण्यास आपणांस कोणाची मनाई नाहीं.

तो धडा असा कीं, प्रामाणिकपणें केलेल्या कामाचें एकही वर्ष वायां जात नाहीं. ज्या बंधूस काम बदलावें लागलें आहे त्यानें मागचें आठवून झुरत बसूं नये; आपल्या हातीं काय आलें आहे तें पाहावें. आणि मंडळीनेंही लक्षांत ठेवावें कीं, आज जो दुकानांत तराजू धरून बसला आहे, त्यानें एके काळीं आपल्या मुलांस शिकविलें आहे. त्याचें नांव खोडूं नये. उद्यां त्याची गरज पडेल, आणि हांक मारण्यापुरती तरी आपण त्याची ओळख राखलेली असावी.